वाकडा सात

"खडूनं लिहिलंय ते वाचलंस न्हवं?" चीफनी फोनवर विचारलं.

"वाचलं की," मी म्हणाले, आणि डोळ्यांचं कसं काय, औषध घालताय का, अशी दोन-चार वाक्यं बोलून फोन ठेवला.

मागं वळून पाहिलं. मशीनच्या टेबलावर त्यांच्या अमेरिकन गाडीचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव ठोकळा, घासलेल्या ताटासारखा लखलखत होता. खडूचं त्यावर नावनिशाण नव्हतं. दुपारी कामाला लागताना मीच तो बोळ्यानं पुसून टाकला होता, एक अक्षरही न वाचता.

ही गोष्ट शहाण्णव सालची. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात तेव्हा कामाची चिठ्ठी-बिठ्ठी कुणी लिहीत नसे. गिऱ्हाईक येणार, खिशातनं खडू काढणार आणि लोखंडावरच लिहिणार : 'पाच थाऊ', 'एकच बाजू', 'उद्या पायजेच'. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. इंजिन फार तापलं की ब्लॉकची वरची बाजू वाकते. ती घासून पुन्हा सपाट करायची, याला आम्ही फेस मारणं म्हणतो. हे माझं काम. आणि खोटा विनय कशाला करू, माझ्यासारखा फेस त्या वेळी उद्यमनगरात दुसरं कुणी मारत नव्हतं.

म्हणूनच मी खडू वाचत नसे. ते नवशिक्यांनी करायचं. जॉब समोर आला की तो कुठं दुखतोय हे मला कळायचं. गिऱ्हाइकानं मला शिकवायची गरज नव्हती. दहा वर्षं हे खपून गेलं होतं, आणि दहा वर्षं खपून गेलेली गोष्ट माणसाला आपली हुशारीच वाटायला लागते.

मी तशीच हारुण मुजावरच्या गॅरेजात गेले. चार शेडं सोडून त्याचं गॅरेज. चीफच्या गाडीचं इंजिन त्यानंच उतरवलं होतं. वयानं माझ्याहून थोडा मोठा, माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या वेळेपासूनचा शेजारी. गाडीखाली झोपून काहीतरी पिळत होता.

"हारुणभाई, चीफनी ब्लॉकवर खडूनं काय लिहिलं हुतं?"

"नंबराला हात नको," तो गाडीखालूनच म्हणाला. "माझ्यासमोरच लिहिलं. दिसत न्हाई न्हवं त्यांस्नी धड, डोळं ब्लॉकला टेकवून लिहीत हुते. का गं?"

तो सरपटत बाहेर आला, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि उठून बसला.

"आक्का. घालवलास?"

घालवला होता. ट्रकचा, जीपचा नंबर ब्लॉकच्या अंगावर असतो. कितीही फेस मारा, त्याला काही होत नाही. या गाडीचा नंबर मात्र पुढच्या कोपऱ्यात काडेपेटीएवढ्या जागेवर ठोकलेला, आणि ती जागा नेमकी फेसच्या पातळीत. बारा थाऊ घासल्याशिवाय ब्लॉक सरळ होत नव्हता. मी बारा थाऊ घासले. फेस सरळ झाला आणि नंबर भुशाबरोबर वाहून गेला.

आता त्या नंबराला एवढं काय सोनं लागलं होतं ते सांगते. गाडीचं नाव हार्पून. अमेरिकेतल्या एका कंपनीनं काढलेली, दोन दारांची, पुढचं तोंड वाघाच्या जबड्यासारखं आणि पोटात आठ सिलिंडरचं इंजिन. तशा हजारो निघाल्या. पण सत्तर साली कंपनीनं शर्यतीसाठी वेगळं, जास्त ताकदीचं इंजिन घालून तिची खास आवृत्ती काढली आणि चौऱ्याण्णव गाड्यांवर थांबली. वरून बघाल तर दोन्ही जुळ्या बहिणी. कुठली साधी आणि कुठली चौऱ्याण्णवातली, हे त्या काडेपेटीएवढ्या जागेवर लिहिलेलं असायचं. तो नंबर गेला म्हणजे गाडीची जात गेली.

आणि ती विकत घ्यायला रविवारी पुण्याहून माणूस यायचा होता.

"चीफना सांगून टाक," हारुण म्हणाला.

"आणि?"

"आणि काय? चिडतील. चार शिव्या देतील."

"चीफ शिव्या देत न्हाईत, हारुणभाई. गप्प बसतील. आणि पुण्याचा गडी माघारी जाईल. आणि सोमवारपासनं सगळं उद्यमनगर म्हणंल, बघा, म्हटलं नव्हतं?"

काय म्हटलं नव्हतं ते हारुणला सांगायची गरज नव्हती. अण्णा गेले तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. मशीन विकून टाक, असं सांगायला माणसांची रीघ लागली होती. बाईच्या हातचा फेस मारलेला ब्लॉक गाडीत कोण बसवणार? चार महिने शटर उघडायचे, मशीनला तेल द्यायचे आणि संध्याकाळी शटर ओढायचे. पाचव्या महिन्यात ताराबाई पार्कातनं एक उंच, ताठ म्हातारा आला. रिक्षातनं उतरून त्यानं आपल्या जुन्या जीपचं हेड, म्हणजे ब्लॉकवर बसणारं जाड झाकण, माझ्या टेबलावर ठेवलं. "सहा थाऊ," म्हणाला, आणि स्टूल ओढून समोर बसला. काम झाल्यावर सरळ पट्टी लावून, खालनं उजेड येतोय का ते बघितलं. मग ते हेड तसंच हातात घेऊन उद्यमनगरातल्या दहा शेडांत गेला आणि प्रत्येकाला म्हणाला, "ह्याच्यात उजेड दिसतोय का दाखवा." कुणाला दाखवता आला नाही. दुसऱ्या आठवड्यात माझ्याकडं रांग लागली.

तो म्हातारा म्हणजे बळवंतराव सरनोबत. जन्मभर मालवाहू बोटींवर इंजिनियर, शेवटी चीफ इंजिनियर. म्हणून सगळे चीफ म्हणायचे. त्यांच्या गाडीचा मी नंबर घालवला होता.

"मी नंबर मारतो," मी हारुणला म्हणाले.

आमच्याकडच्या बायका 'जातो, येतो, करतो' असंच बोलतात. त्यामुळं धमकीलाही जरा वजन येतं.

"गुन्हा हाय आक्का त्यो."

"गेलेला नंबरच परत मारतोय. दुसऱ्याचा न्हाई."

"तुझ्या आण्णांनी मारला असता?"

हे त्यानं बोलायला नको होतं. मी गाडीचं आरसी बुक त्याच्या टेबलावरनं उचललं आणि निघून आले.

अण्णांचा पंचांचा डबा मी काढला. पोलादी कांड्या, प्रत्येकीच्या टोकाला उलटा कोरलेला एकेक आकडा नाहीतर अक्षर. लोखंडावर आकडा ठोकणं सोपं नसतं. हातोडीचा एकच घाव बसला पाहिजे. दुसरा बसला की आकड्याला सावली पडते. खाली पोलादी पट्टी धरायची, कांडी तिला टेकवायची, श्वास रोखायचा. बुकातला नंबर होता एच तीन एक नऊ शून्य सात. मी आधी भंगारातल्या लोखंडावर वीस वेळा मारला. मग ब्लॉकवर. सहा घाव, सहा आकडे, एका ओळीत पोरं प्रार्थनेला उभी राहावीत तसे. मग मिठाचं पाणी लावून दोन दिवस ठेवलं, गंज धरू दिला, पुसला. बघणाऱ्यानं पंचवीस वर्षांचा म्हटला असता.

खरं सांगते, मला लाज वाटली नाही. मला कौतुक वाटलं. किती झकास मारलाय, असं वाटलं. लाज नंतर आली.

शनिवारी हारुणनं इंजिन बसवून चालू केलं. चीफ आले होते. काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं खात आणली होती. समोरचं तेवढं, तेही नळीतनं बघितल्यासारखं दिसायचं. इंजिनानं पहिला आवाज टाकला तसे ते ताठ झाले. तो आवाज कानात येत नाही, पोटात येतो. पलीकडच्या शेडमधली माणसं हातातली कामं टाकून आली.

"फेस कुणी मारलाय?" चीफ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आठच्या आठ एका सुरात बोलतायत बघा."

मी खाली बघितलं. मग त्यांनी बॉनेटखाली हात घातला, तसा हारुण घाईनं म्हणाला, "तापलंय चीफ, भाजंल."

ते हसले आणि हात काढून घेतला. माझ्याजवळ येऊन स्टुलावर बसले. मला काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "एवढी जीव लावलेली गाडी विकायची कशाला ती? शेडमध्ये असू दे की."

"शेडमध्ये ठेवायला गाडी व्हय ती? मला दिसायचं बंद झालं म्हणून तिनं का अंधारात बसायचं? खासनीस म्हणालाय, दर रविवारी चालवीन. तेवढ्यासाठी देतोय त्याला. दुसरा एक मुंबईचा हुता, त्याला काचेच्या खोलीत ठेवायची हुती. न्हाई म्हटलं."

"आणि तुम्ही घेतली कशाला हुती? रागावू नका, पर मला ह्यो खुळ्यांचा बाजारच वाटतोय. तसल्याच दिसणाऱ्या हजार गाड्या असताना ह्या चौऱ्याण्णवातलीच पायजे म्हणून जीव टाकायचा!"

चीफ रागावले नाहीत. "बोटीवर माझी ताटली हुती," ते म्हणाले, "तिच्यावर कंपनीचा शिक्का. चादरीवर शिक्का, चमच्यावर शिक्का. माझी केबिन आणि खालच्या इंजिनियरची केबिन, डोळे झाकून गेलं तर फरक कळायचा न्हाई. वीस वर्षं मी हजारातली एक वस्तू वापरली, आणि उज्ज्वला, शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं की मीबी त्यातलाच एक. मी उतरलो तर दुसरा चीफ चढंल, बोटीला कळायचंबी न्हाई. मग बाल्टिमोर बंदरात एका गोदी कामगाराच्या दारात ही दिसली. साठवलेलं सगळं दिलं. आमच्याच बोटीच्या पोटात घालून मुंबईला आणली. खुळेपणाच आहे. पण जगात फार थोड्यांकडं असलेलं काहीतरी माझं हाय, एवढ्यावर माणूस पुष्कळ दिवस काढतो."

मला त्या क्षणी सांगता आलं असतं. आवाज ऐकून आलेली माणसं एव्हाना परत गेली होती, फक्त हारुण होता. पण त्यांनी नुकतीच माझ्या फेसची तारीफ केली होती, आणि मी बोळा उचलून बॉनेट पुसायला लागले.

रविवारी सुट्टी, म्हणून तर अर्धं उद्यमनगर हारुणच्या दारात लोटलं. गाडी पुसून-पासून बाहेर काढलेली. रंग पिकल्या जांभळाचा. पोरासोरांपासून फौंड्रीवाल्यांपर्यंत सगळे बघायला. साडेदहाला पांढऱ्या गाडीतनं देवदत्त खासनीस उतरले. पन्नाशीचे, सडसडीत, पायांत कोल्हापुरी, बहुधा त्याच सकाळी घेतलेली. पुण्याजवळ त्यांचा प्लॅस्टिकचे भाग बनवायचा कारखाना होता आणि घरी अशा अकरा गाड्या. मला वाटलं होतं, कुणीतरी फुशारक्या मारणारा येईल. तसं नव्हतं. त्यांनी आधी चीफना वाकून नमस्कार केला, मग गाडीला एक फेरी मारली, हात मागं बांधून. देवळात मारतात तशी.

मग कोट काढून माझ्याकडं दिला, सतरंजी टाकून गाडीखाली गेले. बाहेर आले. दारांच्या फटी बघितल्या, काचांवरचे बारीक शिक्के बघितले. बॉनेट उघडून खिशातलं भिंग काढलं.

हारुण माझ्या शेजारी उभा होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

खासनीसांनी भिंगातून नंबर बघितला. हातातल्या कागदाशी ताडून बघितला. पुन्हा भिंग लावलं. बराच वेळ लावलं.

"जागा फार स्वच्छ आहे," ते म्हणाले. मग सरळ उभे राहिले आणि चीफना म्हणाले, "सरनोबतसाहेब, तुमच्यासारख्या माणसाला हे विचारणं बरं दिसत नाही. पण मी तीनदा फसलोय. आकडे बरोबर आहेत, कागद बरोबर आहेत. तुम्ही फक्त एकदा सांगा, की हा नंबर कंपनीनं मारलेला आहे. तुमचा शब्द मला पुरे."

"थांबा," चीफ म्हणाले. त्यांनी हात पुढं केला. मी त्यांचा हात धरून इंजिनाजवळ नेला, कारण जवळ मीच होते. त्यांनी अंगठा त्या काडेपेटीएवढ्या जागेवर ठेवला आणि डावीकडून उजवीकडं फिरवला. शेवटच्या आकड्यावर थांबला. परत मागं आला. परत शेवटच्या आकड्यावर थांबला.

मग मान किंचित माझ्याकडं वळवून, मला एकटीलाच ऐकू येईल इतक्या हळू ते म्हणाले, "माझा सात वाकडा हुता गं."

बुकात सात होता. तो सरळ आहे की वाकडा, हे बुकात कुठं असतं? अमेरिकेत त्या सकाळी कुणी कामगार हातात पंच घेऊन उभा असेल, त्याची पट्टी सरकली असेल, नाहीतर कुणी हाक मारली असेल, आणि सात कलता बसला असेल. पंचवीस वर्षं चीफ बॉनेट उघडलं की त्या सातवरनं बोट फिरवत आले होते. मी मारलेला सात अगदी सरळ, सुतात होता.

चीफनी हात काढला. रुमालानं अंगठा पुसला. आणि खासनीसांकडं तोंड करून, बोटीवर हुकूम द्यायच्या आवाजात म्हणाले, "कंपनीचाच आहे."

मी ह्या माणसाला दहा वर्षं ओळखत होते. त्यांनी जीप विकायला काढली तेव्हा घेणाऱ्याला स्वतःहून तिच्या सतरा खोडी सांगायला घेतल्या होत्या. तो बिचारा बाराव्या खोडीला पळून गेला. त्या माणसाच्या तोंडून भरल्या उद्यमनगरात हे वाक्य आलं.

"मग ठरलं," खासनीस म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उजळला, की तो बघून मला जास्त वाईट वाटलं.

"न्हाई," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडं वळले.

"कंपनीचा न्हाई. मी मारलाय. बुधवारी."

"आक्का," हारुण पुटपुटला.

"फेस मारताना मूळ नंबर माझ्या हातनं गेला. चीफनी खडूनं लिहिलं हुतं, मी वाचलं न्हाई. वाचलं म्हणून फोनवर खोटं सांगितलं. मग आण्णांच्या पंचांनी हा नंबर मारला, मिठाच्या पाण्यानं जुना केला. चीफना ह्यातलं काय माहीत न्हवतं. आत्ता अंगठ्याला कळलं त्यांच्या. आणि हारुणभाईंनी मला अडवलं हुतं, मी ऐकलं न्हाई."

इतकं लांबलचक मी आयुष्यात एका दमात बोलले नव्हते. मागं कुणीतरी घसा खाकरला. मी आत गेले, हारुणच्या टेबलावरनं बारीक कानस घेतली, इंजिनात भुसा पडू नये म्हणून भोवती तेलाची फडकी पसरली, आणि माझे सहाच्या सहा आकडे घासून काढले. मारून जुने करायला दोन दिवस लागले होते. जायला पाच मिनिटं लागली नाहीत.

खासनीस ते सगळं बघत उभे होते. मी कोट त्यांच्या हातात दिला.

"ताई," ते म्हणाले, "तुम्ही बोलला नसतात ना, तर मी जन्मभर सुखात राहिलो असतो."

"व्हय," मी म्हणाले. "मला जमलं नसतं."

"मीही खरंच सांगतो मग. मला वाटत होतं, माझं या गाडीवर प्रेम आहे. पंधरा वर्षं शोधतोय. पण आता ती तिथंच उभी आहे, तीच आहे, आणि मला ती नकोशी झाली. नंबर आरटीओतून रीतसर परवानगी काढून पुन्हा मारून घेता येईल. पण तो मला नको. माझ्या यादीत तिच्यापुढं बरोबरची खूण करता येणार नाही." ते थोडे ओशाळले. "असं असू नये. पण आहे."

मला तो माणूस आवडला. त्यांनी चीफना पुन्हा वाकून नमस्कार केला आणि गाडीत बसून निघून गेले. जमलेले लोक पांगायला लागले. जाताना प्रत्येकजण माझ्याकडं एकदा बघून घेत होता. सुतारगल्लीचा बंडा, ज्यानं अण्णा गेल्यावर माझं मशीन भंगाराच्या भावानं मागितलं होतं, तो तर थांबून हसला. मी त्याच्याकडं बघितलं तसा हसायचा थांबला. पण सोमवारी काय होणार ते मला कळून चुकलं होतं.

चीफ स्टुलावर बसले होते. गप्प. मी म्हटलंच होतं, ते गप्प बसतील.

"चीफ," मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले. "चुकलं माझं."

"चुकलंच. खडू वाचायचा."

"व्हय."

"आता हिला कोण घेणार? मुंबईचाबी घ्यायचा न्हाई. पावसाळ्यापर्यंत मला घरचं गेटबी दिसायचं न्हाई."

"मी घेतो," मी म्हणाले.

हारुण हातातला पाना टाकून बघायला लागला. चीफनी मान वर केली. "तू? खुळ्यांचा बाजार म्हणालीस काल."

"मग धरा मला खुळ्यांत. तुम्ही सांगाल ते देतो, हप्त्यानं देतो. दर रविवारी चालवतो. पर एक अट हाय, शेजारी तुम्ही बसायचं."

"दया करालीस व्हय माझ्यावर?"

"न्हाई," मी म्हणाले, आणि ते खरं होतं. तिच्यातलं एक न भरून येणारं मी घालवलं होतं. दुसऱ्या कुणाच्या दारात ती उभी राहिली असती, तर रात्रंदिवस मला ते खुपलं असतं. माझी चूक मला माझ्याच दारात हवी होती. हे सगळं तेव्हा असं नीट बोलता आलं नाही. "मला पायजे," एवढंच म्हणाले. "मला ती पायजे, चीफ."

त्यांनी माझ्याकडं, म्हणजे माझ्या आवाजाकडं, तोंड वळवलं. मग खिशात हात घालून चावी काढली. "चाक डावीकडं असतंय तिचं. बस."

मी अशी गाडी कधी चालवली नव्हती. कागलच्या रस्त्याला लागेपर्यंत ती मला हिसके देत होती आणि मी तिला. चीफ उजव्या बाजूला डोळे मिटून बसले होते आणि नुसत्या आवाजावरनं सांगत होते : आता दुसरा, अजून ओढ, आता तिसरा, पाय हळू. हळूहळू तिचा आणि माझा सूर जमला. गोकुळ शिरगावचे कारखाने मागं पडले, दोन्ही बाजूंना ऊस लागला, आणि चीफ म्हणाले, "सोड आता." मी सोडली. पोटात तो आवाज भरला. मी माझ्या नकळत मोठ्यानं हसले, लहानपणी जत्रेतल्या पाळण्यात बसल्यावर हसायची तशी. खासनीसांच्या अकराही गाड्या मला त्या क्षणी समजल्या.

कागलच्या अलीकडं मी वेग कमी केला. सकाळपासून मनात घोळत असलेलं विचारल्याशिवाय राहवेना.

"चीफ, तुम्ही खोटं का बोललात?"

"कधी?"

"कंपनीचाच म्हणालात. अंगठ्याला कळलं हुतं तुमच्या. जीप विकताना सतरा खोडी सांगणारा माणूस तुम्ही. गाडी खपावी म्हणून?"

त्यांनी डोळे उघडले. समोर, त्या नळीतनं जेवढं दिसत होतं तेवढ्या रस्त्याकडं बघत म्हणाले, "सगळं उद्यमनगर दारात उभं हुतं. न्हाई म्हटलं असतं, तर तुझं शटर खाली आलं असतं. ही चौऱ्याण्णवातली एक हुती गं. आणखी त्र्याण्णव हायत कुठं कुठं जगात. तू उद्यमनगरात एकच हायस. कुठली राखायची मी?"

पुढचा रस्ता हलायला लागला, पांढरा पट्टा फुटला, उसाचा आणि आभाळाचा एकच हिरवा-निळा काला झाला. मी कशीबशी गाडी कडेला घेतली आणि उभी केली.

"काय झालं?" चीफ दचकले. "बंद पडली?"

"न्हाई."

"मग?"

"मला दिसंना."

मग त्यांना कळलं, आणि ते पोटापासून हसायला लागले. "आता गं? म्हणजे दोघांस्नीबी दिसंना. मग चालवायची कुणी?"

मी पदरानं डोळे पुसले आणि गाडी पहिल्यात टाकली.